रिमोटची बोट आणि मामाचं शेततळं

मुलासाठी रिमोटची बोट घेतोय असं मी घरात जाहीर केलं तेव्हा मुलगा दहावीच्या क्लासला गेला होता आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकोने ते लगेच ओळखलं. असो.

आमच्या लहानपणी जत्रेत पत्र्याची फटफट बोट मिळायची. आत तेलाची वात पेटवायची, पाणी तापलं की मागच्या नळ्यांतून फटफट करत परातीत गोल गोल फिरायची. चॉईस एवढाच, लाल की हिरवी. आता बघायला बसलो तर ब्रश्ड मोटर की ब्रशलेस, बॅटरी ७.४ व्होल्टची की ११.१ ची, डोकं नुसतं भणभणलं आणि शेवटी मी सगळे पुरुष करतात तेच केलं, स्पीड बघून घेतली.

संगमनेरजवळ मामाचं शेततळं आहे, तिथे नेली. दोन चकरा झक्कास, तिसऱ्या वळणावर फुल्ल थ्रॉटल दिला आणि बाईसाहेब उलट्या! पंखा वर हवेत फिरतोय, बोट जागच्या जागी. शेततळ्याला सगळीकडून प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, आत उतरलेला माणूस वर येत नाही, त्यामुळे मामाने आधी माझा हात धरला. मग दीड तास बांधावर बसून वारा फिरायची वाट बघितली. निकोला टेस्ला या संशोधकाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रिमोटची बोट दाखवली होती, ती पाण्याच्या टाकीत. हुशार माणूस.

दुसरी बोट घेताना मग स्पीड बघितलाच नाही, परत कशी येणार ते बघितलं. ही उलटली की आतल्या एका बाजूच्या कप्प्यात पाणी शिरतं, त्या वजनाने ती कलंडते आणि आपोआप सुलटी होते. शिवाय बॅटरी संपत आली की रिमोट बीप करतो, तो वाजला की मुकाट्याने काठाला आणायची. घरी बॉक्स उघडून बटण दाबलं तर ढिम्म हलेना, मी रिटर्न टाकायच्या बेतात होतो, मग कळलं की बुडाला दोन बारके स्क्रू असतात, दोन्हीला पाणी लागल्याशिवाय मोटर चालूच होत नाही, बोटं कापू नयेत म्हणून. हाताचं बोट ओलं करून दोन्ही स्क्रूंवर टेकवलं, पंख्यापासून लांब हां, आणि थ्रॉटल देताच घर्रर्र झालं. बायको किचनमधून बघत होती.

ह्या वेळी मामाने रिमोट हातात घेतला तो सोडेचना. मुद्दाम दोनदा उलटवून बघितली, दोन्ही वेळा सुलटी झाली. मग म्हणाला, "भाचेबुवा, हिच्यातनं माशांना खाद्य टाकता येईल का?" मी म्हटलं, तशी पण मिळते मामा, गळ टाकणारे लोक वापरतात, मधोमध गेली की बटण दाबायचं, खालचं झाकण उघडतं.

"मग ही कशाला घेतली?"