बारा हजारांची बातमी आणि दिल्लीला पाठवलेलं निवेदन

डिसेंबर 2024 मध्ये आमच्या सेवा केंद्रात येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता. "किसानचे पैशे बारा हजार झाले म्हणतत, खरा काय गो?" देवगड तालुक्यात मी हे केंद्र चालवते. सातबारा, दाखले, विम्याचे अर्ज, पीएम किसानची केवायसी असली सगळी कामं. त्यामुळे दिल्लीत काही हललं की त्याची पहिली गर्दी माझ्या दारात.

गोंधळ व्हायला जागा होतीच. केंद्राचे वर्षाला 6000, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी 6000. म्हणजे आपल्याकडे ज्याला दोन्ही मिळतात त्याचे बारा हजार आधीच झालेले. आता नवे बारा म्हणजे एकूण अठरा, असा हिशोब दोन आबांनी बाकावर बसून पक्काही करून टाकला होता.

खरी गोष्ट अशी होती की कृषी, पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रिया या विषयांच्या संसदीय स्थायी समितीने अहवाल दिला होता. अध्यक्ष होते काँग्रेसचे खासदार चरणजितसिंग चन्नी. त्यात पीएम किसानची रक्कम 6000 वरून 12000 करावी, अशी शिफारस होती. मोबाईलवर फिरताना 'शिफारस' हा शब्द वाटेतच गळला. रोज पन्नास जणांना तेच समजावून कंटाळा आला, म्हणून लोकसभेच्या संकेतस्थळावरून मी मूळ अहवालच उतरवून घेतला. वाचल्याशिवाय कुणाला काय सांगणार?

अहवालात आणखीही बरंच होतं. हमीभावाला कायद्याचा आधार द्यावा. खंडाने कसणारे आणि शेतमजूर यांनाही मदत मिळावी. खात्याच्या नावात शेतमजूर यावा. आणि दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला आयुष्मान भारतच्या धर्तीवर सार्वत्रिक पीक विमा मिळावा. हमीभावाच्या पानांवर मी फार रेंगाळले नाही. केंद्र 22 पिकांचे हमीभाव जाहीर करतं, त्यात आमच्या कामाचं भात आणि खोबरं. हापूस नाही, काजू नाही, कोकम नाही, सुपारी नाही. कायदा झाला तर आनंदच आहे, पण आमच्या आंब्याच्या कलमांखाली त्याची सावली पडणार नाही. विम्याचं पान मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मग ही समिती म्हणजे नक्की काय, ते शोधणं आलं. एकतीस खासदार, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. 1993 पासून या खातेनिहाय समित्या आहेत. बैठका बंद दाराआड होतात, सभागृहासारख्या टीव्हीवर दिसत नाहीत. अर्थसंकल्प मांडला की मध्यंतराच्या सुट्टीत या समित्या खात्याच्या मागण्या तपासतात, आणि सभापतींनी सोपवलेली विधेयकंही. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. इथपर्यंत आल्यावर वाटलं, झालं, म्हणजे नुसती चर्चा.

पण पुढची गोष्ट फार कुणी सांगत नाही. प्रत्येक शिफारशीवर खात्याला तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरांवर समिती पुन्हा अहवाल काढते, कृती अहवाल. सरकारने काय मान्य केलं, कुठल्या उत्तरानंतर समितीने विषय सोडला, कुठलं उत्तर समितीला पटलं नाही आणि कशाचं अंतिम उत्तर यायचं आहे, हे त्यात वेगवेगळ्या प्रकरणांत छापलेलं असतं. तहसीलला दिलेल्या अर्जाचं पुढे काय झालं ते अशा स्वच्छपणे कळलं असतं तर माझं निम्मं काम संपलं असतं! कुठलाही कृती अहवाल उघडला की मी आता चौथं प्रकरण आधी बघते, न पटलेल्या उत्तरांचं. खरी मजा तिथे आहे.

हे सगळं मी देवळात सप्त्याच्या वेळी सांगितलं तेव्हा सोसायटीचे जुने सचिव म्हणाले, "समितीकडे गेला म्हणजे लोंबाकळला." त्यांचं अगदी चूक नाही. बियाणे विधेयक 2004 सालचं, समितीचा अहवाल 2006 मध्ये आला आणि कायदा काही त्यातून झाला नाही. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मार्च 2020 मध्ये राज्यसभेत आलं, समितीने 2021 च्या अखेरीस अहवाल दिला, पुढे तेही रखडलं. पण उलटं उदाहरणही समोर आहे. 2020 चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाता सप्टेंबरात मंजूर झाले, वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. मला विचाराल तर लोंबकळलेलं परवडलं. कायदे चांगले की वाईट हा वाद वेगळा, पण विचारायला जागा हवी.

मग ठरलं, आपणही लिहायचं. विधेयकावर सूचना हव्या असतील तर समिती वर्तमानपत्रात जाहिरात देते. तशी जाहिरात आली नव्हती, पण पत्र पाठवायला कुणी अडवत नाही.

लिहायचं काय, यावर देवळात रात्री उशिरापर्यंत खल झाला. कर्जमाफी, माकडं, काजूचा दर, फवारणीच्या औषधांच्या किमती, मुंबईतले दलाल, सगळं यादीत आलं. ती यादी तशीच पाठवली असती तर तिचं काय झालं असतं ते सांगायला नको. मी एकेक विषय कुणाच्या दारातला ते शोधलं. कर्जमाफी आम्हाला राज्याकडेच मागायची होती. माकडांसाठी वन्यजीव कायदा, म्हणजे पर्यावरण आणि वनाची समिती. काजू बीच्या आयातीवरचं शुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आलं, त्याचा राग इथे प्रत्येक घरात आहे, पण तो विषय अर्थ आणि वाणिज्य खात्यांचा. माकडांचा मुद्दा काढला तेव्हा दोघे उठून घरी गेले. त्यांना बाकी कशात रसच नव्हता.

उरला विमा. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि ते गोपनीय मानतात, बाहेर वाटलं तर संसदेचा विशेषाधिकारभंग होऊ शकतो, असं त्यांच्या जाहीर सूचनांमध्येच लिहिलेलं असतं. म्हणून मजकूर इथे देत नाही. पण अडचण काय आहे ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आंब्याचा विमा हवामानावर आधारित आहे. बाग बघून नुकसान ठरत नाही, महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, हवामान केंद्राचे आकडे बघून ठरतं. अवेळी पाऊस, तापमान, वारा यांच्या मर्यादा ठरलेल्या. आता समुद्राला लागून असलेलं मिठबाव आणि घाटाकडे सरकलेलं शिरगाव एकाच तालुक्यात येतात, आणि एकाच मंडळातसुद्धा सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, बाग वेगळी, खाडीकाठची वेगळी. मोहोर करपतो एकीकडे, आकडा नोंदला जातो दुसरीकडे. कधी न भिजलेल्याला पैसे मिळतात, तेव्हा मात्र कुणी तक्रार घेऊन येत नाही, हेही सांगायला हवं.

दुसरी अडचण त्याहून मोठी, सामाईक सातबारा. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली कित्येक देवाघरी गेलेली, उरलेली लालबाग, डोंबिवली, विरारला. कलमं राखतो एक, खत घालतो एक, आणि विमा उतरवायचा तर सहहिश्शेदारांचं संमतीपत्र हवं. नोव्हेंबरात माझ्या केंद्रात माणसं विम्याच्या हप्त्यापेक्षा सह्यांसाठी जास्त धावतात. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा, असं मी दरवर्षी सांगते. गणपतीत कुणाला आठवण असते? पीएम किसानलाही तेच. जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या नोंदीनुसार नावावर हवी, त्यानंतर फक्त वारसाने आलेली चालते. आणि वारस नोंद आजोबांच्या वेळेपासून झालेली नाही. दोन हेक्टरपर्यंत विमा ही शिफारस कितीही चांगली असली, तरी ज्याचं क्षेत्र कागदावर वेगळं निघतच नाही त्याचे दोन हेक्टर मोजणार कसे?

सातबारा हा राज्याचा विषय आहे, तो केंद्राच्या समितीकडे कशाला, असं तालुक्यातल्या एका वकीलसाहेबांनी विचारलं. बरोबर आहे. म्हणून सातबाऱ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचना केंद्र काढतं, त्यात प्रत्यक्ष वहिवाटदाराला जागा कशी देता येईल एवढंच लिहिलं. जोडीला पुरावे म्हणून नावं झाकलेले सातबारे आणि नाकारलेल्या अर्जांचे शेरे लावले. कोकणावर अन्याय, सावत्र वागणूक वगैरे वाक्यं मसुद्यात शिरली होती, ती सगळी काढली. सचिव थोडे रुसले.

समितीकडे कागद इंग्रजीत किंवा हिंदीत, दोन प्रतींत द्यायची पद्धत आहे. हायस्कूलच्या निवृत्त हिंदीच्या बाईंनी मसुदा पुन्हा लिहून दिला, तोही दोन पानांत बसवून. लोकसभा सचिवालय, संसद भवन ॲनेक्स, नवी दिल्ली या पत्त्यावर स्पीड पोस्ट केलं, ईमेलही पाठवलं. सदस्यांच्या यादीतून आपल्या राज्यातले कोण ते पाहून त्यांनाही पत्र लिहिलं. प्रत्यक्ष म्हणणं मांडायची इच्छा असेल तर तसं कळवता येतं. आम्ही कळवलं नाही. तिकीट काढून दिल्लीला कोण जाणार, यावर भांडण झालं असतं.

निवेदन पोचल्याचं उत्तर आलं. त्यापुढे काही नाही, आणि त्याची अपेक्षाही मी कुणाला लावून ठेवलेली नव्हती. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात पीएम किसानचे 6000 तसेच राहिले, तेव्हा बाकावरच्या आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कापून घेतले. किसान क्रेडिट कार्डावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख करण्याची घोषणा त्यात होती, ती कुणी विचारलीसुद्धा नाही.

सातबारे गोळा करताना मात्र काही घरांना कळलं की आपल्या पणजोबांचं नाव अजून जिवंत आहे. त्यांतल्या काहींनी तलाठ्याकडे वारस नोंदीचे अर्ज टाकले. मुंबईहून मृत्यूचे दाखले यायला वेळ लागतोय.

काजूचं निवेदन वाणिज्याच्या समितीला वेगळं करायचं ठरलंय. दर किती मिळाला ते दाखवायला बी विकल्याच्या पावत्या लागतील. व्यापारी पावती देत नाही आणि आपण मागत नाही, अशी रीत. आतापर्यंत एका काकीने आणून दिल्यात, पिशवीत नीट घड्या घालून, तीन हंगामांच्या.