मुळशीचं पाणी आणि कलिंगडाची फोड

कुंडलिकेला पाणी कधी येणार हे पावसावर नाही, भिऱ्याच्या वीजकेंद्रावर ठरतं. सकाळी पाणी सुटलं की नदी भरते आणि तेवढ्या वेळात राफ्टिंग उरकतं. म्हणून आम्ही चौघी मैत्रिणी पहाटेच पुण्याच्या चांदणी चौकातून निघालो. डिकीत बोहरी आळीतून आणलेली हवेची खेळणी होती: एक फ्लेमिंगो, एक डोनट आणि कलिंगडाची फोड. सोबत पायाने मारायचा पंप.

पौड मागे पडलं की मुळशीचा जलाशय येतो. मे महिना, पाणी पार खाली गेलेलं. इथे मी दर वेळी गाडी थांबवते. हे मुळा नदीचं पाणी. धरण नसतं, तर हे पुण्यात येऊन संगमावर मुठेला भेटलं असतं आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरापर्यंत गेलं असतं. आता ते सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे वळतं, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला कोसळतं, वीज देतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. १९२७ पासून हे असंच चालू आहे. या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ साली सेनापती बापट त्यांच्यासोबत सत्याग्रहाला उभे राहिले. आपण खेळायला चाललोय ते याच पाण्यावर, हे मला विसरायचं नव्हतं.

ताम्हिणीत पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली आणि घाट उतरलो.

नदीवर आमचा गाइड त्याच भागातला मुलगा होता. फ्लेमिंगो बघून त्याने स्पष्ट सांगितलं, "ताई, वरच्या टप्प्यात हे चालणार नाही. दगडाला लागलं की फाटतं. राफ्टमधून खाली जाऊ, शेवटच्या संथ पट्ट्यात काढू." त्याचं ऐकलं, हे फार बरं झालं. वरच्या लाटांत राफ्टचं नाक सरळ वर उठत होतं. तिथे प्लॅस्टिकच्या पातळ खेळण्याचा काय निभाव लागणार?

शेवटच्या पट्ट्यात गुडघाभर उंचीच्या लाटांची एक रांग होती. अंगात लाइफ जॅकेट, डोक्याला हेल्मेट, खालच्या अंगाला राफ्ट आडवी आणि कयाकवाला तयार. गाइडने पुन्हा बजावलं, "पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे, बोटं वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडात पाय अडकतो. आणि दोरी अंगाला बांधायची नाही."

पहिली मी, डोनटवर. समुद्रात लाट तुमच्याकडे येते. नदीत ती जागच्या जागी उभी असते आणि पाणी तुम्हाला तिच्याकडे नेतं. वेगाचं पाणी बुडालेल्या दगडावरून उतरून खालच्या संथ पाण्याला धडकतं, तिथे ते उसळतं. ते उसळणं मला पाठीखाली कळलं. डोनट मधोमध दुमडला, पाणी कमरेवरून गेलं आणि पुढच्याच क्षणी मी लाटेच्या माथ्यावर होते. तोंडातून जो आवाज निघाला तो मी शाळा सुटल्यापासून काढला नव्हता. एकेक करत अशा पाच लाटा!

फ्लेमिंगो उंच, त्यामुळे पहिल्याच लाटेला कलंडला. त्यावरची मैत्रीण उताणी झाली, पाय पुढे, अगदी सांगितल्यासारखी, आणि राफ्टपाशी पोचली. "अगं, हात दे!" म्हणत आम्ही तिला वर ओढलं. थरथरत होती, हसत होती. पाच मिनिटांनी म्हणाली, "आता कलिंगड मला द्या." फोड सपाट होती, तिने त्यावर पोटावर झोपून सगळी रांग पार केली. आम्ही प्रत्येकी चार-चार वेळा गेलो. चालत काठाने वर यायचं, पुन्हा पाण्यात.

जेवून परत काठावर आलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. जिथे आमची पहिली लाट उभी होती तिथे काळा दगड उघडा पडला होता. मैत्रीण त्यावर जाऊन बसली आणि उरलेली करवंदं आम्ही तिथेच संपवली.