तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावर पोचल्यावर पहिलं काय करता?

रावेरला घरी आलो की केळीच्या बागेत, लग्नात, एसटीत, कुठेही हा प्रश्न येतोच, की काय भो, इतके दिवस शिडाच्या बोटीवर नुसतं पाणीच बघून एखाद्या बेटाच्या बंदरात पोचलात की पहिलं काय करता? विचारणाऱ्याला वाटतं उडी मारून किनाऱ्याकडे पळत असणार. तर पहिलं म्हणजे थांबतो. आणि हे थांबणं मला मनापासून आवडतं.

रात्री पोचलो तर आत जातच नाही. प्रवाळाच्या भागात अंधारात शिरायचं नाही, बाहेरच वेग मोडून रात्र काढायची, मग ऊन चांगलं वर आलं आणि पाठीमागून पडतंय असं बघून हळूहळू आत, कारण पाण्याचा रंग तेव्हाच कळतो, गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे उथळ आणि खाली वाळू, तपकिरी दिसलं की प्रवाळ, तिकडे बोट न्यायचीच नाही. एकजण पुढच्या टोकाला उभा राहून हाताने खुणा करत असतो. जीपीएस असतंच, पण काही ठिकाणचे नकाशे फार जुन्या मोजणीवरचे आहेत, तिथे डोळेच कामाला येतात.

मग डोलकाठीच्या उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवायचा. बोटीवर सगळे निरोगी आहेत, आम्हाला तपासून आत घ्या, असा त्याचा अर्थ. इमिग्रेशन, कस्टम, आरोग्य खातं यांचं काम होईपर्यंत बऱ्याच देशांत कॅप्टन सोडून कोणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. मॉरिशसला पोर्ट लुईच्या बंदरात आम्ही असेच कस्टमच्या धक्क्याला बोट बांधून बसलो होतो, समोर पीटर बॉथचा डोंगर, माथ्यावर तो भलामोठा गोल दगड.

बोटीवरचे काही जण या तपासणीला कटकट म्हणतात. मी केळीवाल्याच्या घरातला, मला ते पटत नाही. आपल्याकडे केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की मावा किडीमुळे पसरत जातो आणि झाडं उपटून टाकण्याशिवाय हातात काही राहत नाही, हे ज्याने बघितलंय त्याला बेटावरचा माणूस आपल्या बोटीतली फळं, भाज्या, बुटाची माती का तपासतो हे सांगावं लागत नाही. केळीच्या पनामा रोगाची बुरशी तर बुटाच्या मातीतूनही जाते आणि एकदा जमिनीत बसली की वर्षानुवर्षं निघत नाही. ऑस्ट्रेलियात ताजी फळं सरळ काढून घेतात, आणि बरोबर करतात. छोट्या बेटाला तर बाग हलवायला दुसरी जमीनच नसते.

पण पोर्ट लुईला बसल्या बसल्या मला दुसरंच आठवत होतं. त्याच बंदराला लागून आप्रवासी घाट आहे. 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, उसाच्या मळ्यांसाठी, जवळपास पाच लाख लोक, आणि 1849 मध्ये मजुरांना उतरवून घ्यायचा डेपो इथे बांधल्यावर त्यातले बहुतेक इथूनच आत गेले. त्यात आपली मराठी माणसंही होती, कोकणातली बरीच. जहाजावर साथ असली तर फ्लॅट आयलंडसारख्या ठिकाणी त्यांना वेगळं ठेवायचे. आम्ही पासपोर्ट हातात घेऊन थांबलो होतो, नको वाटलं तर शीड उभारून निघून जाऊ शकत होतो, त्यांना तसं करता येत नव्हतं.

शिक्के झाले, पिवळा उतरवला, मॉरिशसचा लाल, निळा, पिवळा, हिरवा झेंडा चढवला, बाकीचे जेवायला गेले आणि मी घाटावर गेलो. ज्या दगडी पायऱ्यांवरून ती माणसं वर आली त्या 16 पायऱ्या अजून आहेत. 2006 पासून ती जागा युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. आणि त्या देशात आज गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, शाळांमधून मराठी शिकवतात. तुमच्यापैकी कोणी विमानाने जाणार असेल तरी बीचच्या आधी तिथे जा, पोर्ट लुईच्या बाजारातून पायी जाता येतं.