लिस्बनची जळकी इगर्ज

लिस्बनला जाऊन अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये बसला नाहीत तर काय केलंत, असं जो तो सांगतो. आम्ही मार्तिम मोनिझच्या थांब्यावर पोचलो, तर रांग एवढी लांब की शेपूट दिसेना. आईचे गुडघे आणि ही रांग, काही जमणारं नव्हतं. पायीच रोसियू चौकाकडे निघालो. वाटेत एका छोट्या चौकात पांढरट, अगदी साध्या दर्शनी भिंतीचं चर्च लागलं. पाटीवर ‘इग्रेजा’. आईचं माहेर सावंतवाडीचं. "इगर्ज मा ही!" म्हणत ती आत शिरलीसुद्धा.

मागोमाग मी गेलो आणि दारातच थबकलो.

वर गेरूच्या रंगाचं छत, अगदी नवं वाटावं असं. आणि त्याच्याखाली कुरतडल्यासारखे खांब. दगडाचे पापुद्रे सुटलेले, कडा झडून बोथट झालेल्या, मधूनच काळ्या-तांबूस भाजल्याच्या खुणा. एका भेगेत माझं अख्खं बोट गेलं. आईने देवळातल्या खांबाला लावावा तसा हात लावला, कपाळाला टेकवला आणि हळूच विचारलं, "ह्या असा कित्याक ठेवल्यानी रे?"

हे साऊं दुमिंगुश चर्च, १२४१ सालचं. १५३१ च्या भूकंपात आणि पुन्हा १७५५ च्या भूकंपात मोडलं, दोन्ही वेळा उभं राहिलं. मग १३ ऑगस्ट १९५९ ला आग लागली. सोनेरी वेद्या, चित्रं सगळं गेलं, आग विझवताना दोन जवान दगावले. चर्च १९९४ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा छत नवं घातलं, पण खांब आणि भिंती जळक्याच राहू दिल्या. आपल्याकडे अशा वेळी आधी ऑइलपेंटचे डबे आले असते.

बाहेरच्या चौकात डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, कोरलेला एक दगड आहे. लोक त्याच्या शेजारीच सेल्फी काढतात, वाचत कुणी नाही. एप्रिल १५०६. शहरात प्लेग, दुष्काळ. याच चर्चमध्ये क्रूसावर उजेड दिसला आणि लोक चमत्कार म्हणू लागले. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंपैकी एक जण म्हणाला, हा मेणबत्तीचा उजेड असेल. जमावाने त्याला बाहेर ओढून मारलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत शहरात हजारो माणसं मारली गेली. राजा होता पहिला मानुएल, वास्को द गामाला आपल्याकडे पाठवणारा तोच. पुढे रोसियूत इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. त्या जागेवर आता राष्ट्रीय नाट्यगृह आहे. गोव्यात १५६० पासून जे इन्क्विझिशन चाललं त्याचं मूळ इथलं, या दोन चौकांतलं. मी आईला हे सगळं सांगितलं नाही. ती आत मेणबत्ती लावून आली होती आणि खुशीत होती.

दुपारी कार्मोचा मठ पाहिला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, चर्चं भरलेली, आणि नेमका तेव्हाच भूकंप. कार्मोवर छत नाहीच, नुसत्या कमानी आणि वर निळं आभाळ. फोटो सुरेख येतात. मला मात्र सकाळचेच खांब आठवत राहिले. एक सांगून ठेवतो: कार्मोला वर जायला सान्ता जुश्ताच्या १९०२ च्या लोखंडी लिफ्टला रांग लावू नका. बाइशा-शियादू मेट्रोचे सरकते जिने धरा, गुडघे दुवा देतील.

संध्याकाळी पुन्हा त्याच चौकात. इथे १८४० पासूनचं एक खोलीएवढं दुकान आहे, जिंजिन्याचं. आंबट चेरीचं गोड मद्य, इवल्याशा पेल्यात, उभ्यानेच प्यायचं. काउंटरवाला एवढंच विचारतो, फळ घालून की फळाशिवाय? मी फळ घालून घेतलं. आई दारूला शिवत नाही. पण माझ्या पेल्यातली चेरी तिने निरखली, "करवंदासारखा दिसता," म्हणाली आणि उचलून तोंडात टाकली. डोळे मिटले, खोकली, गिळली.

आजूबाजूचे सगळे बिया सरळ जमिनीवर थुंकत होते. चौकाची फरशी चिकट झाली होती. आई मात्र बी मुठीत घट्ट धरून चर्चच्या भिंतीलगत कचऱ्याचा डबा शोधत फिरत होती.