रायगड आवृत्तीचा मथळा

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान झालेलं आणि शनिवारी मतमोजणी. त्यात सकाळीच अमेरिकेतून अदानींवरच्या आरोपपत्राची बातमी आलेली. पहिलं पान दुपारच्या बैठकीतच भरून गेलं होतं. मी एका मराठी दैनिकात मुख्य उपसंपादक आहे. परदेशाच्या बातम्या माझ्याकडे असतात आणि त्या दिवशी रात्रपाळीही माझीच होती. जागेवर बसून पर्स खाली ठेवते न ठेवते तोच एजन्सीचा फ्लॅश दिसला : हेगच्या न्यायालयाकडून नेतान्याहू, गॅलंट यांच्याविरुद्ध अटक वॉरंट.

इस्रायलसारख्या लोकशाही देशाच्या पदावर असलेल्या पंतप्रधानावर वॉरंट. मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले आणि पहिल्या पानावर तीन कॉलम मागून घेतले. खाली का होईना, पण तीन कॉलम.

पहिला खोळंबा न्यायालयाच्या नावापाशीच झाला. आमच्या प्रशिक्षणार्थी मुलाने लिहून ठेवलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय न्यायालय’. हेगमध्ये मिळत्याजुळत्या नावांची न्यायालयं दोन आहेत, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्यांची गल्लत कायम होते. एक संयुक्त राष्ट्रांचं. तिथे देशाविरुद्ध देश उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलविरुद्ध वंशसंहाराचा दावा लावला तो तिथे, आणि आपले दलवीर भंडारी न्यायाधीश होते तेही तिथलेच. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, २००२ पासून चालू असलेलं. तिथे देश आरोपी नसतो, माणूस असतो, नावानिशी. गुरुवारचं वॉरंट या दुसऱ्या न्यायालयाचं होतं.

संपादकांनी विचारलं, “इस्रायल तर त्याचा सदस्यच नाही. मग यांचा हात तिथवर पोचतो कसा?”

उत्तर माझ्याऐवजी शेजारच्या टेबलावरच्या आमच्या क्राइम रिपोर्टरने दिलं. तो तीस वर्षं पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवतो आहे. म्हणाला, “हद्द कुणाची ते बघा. आरोपी कुठल्या गावचा याला अर्थ नाही. गुन्हा घडला कुठे, त्यावर ठाणं ठरतं.”

अगदी तसंच आहे. पॅलेस्टाइन २०१५ मध्ये त्या न्यायालयाचं सदस्य झालं. गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम आपल्या हद्दीत येतात, असं तिथल्या न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवलं आणि पुढच्याच महिन्यात तपास सुरू झाला. इस्रायल सदस्य नाही, अमेरिका नाही, भारतही नाही. सदस्य देश त्या दिवशी १२४ होते, आणि आपल्या भूमीवर पाय ठेवला तर वॉरंट बजावणं त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. न्यायालयाकडे स्वतःचा एकही पोलीस नाही.

मग मी न्यायालयाचं निवेदनच उघडलं. एजन्सीच्या कॉपीत न बसलेलं बरंच तिथे होतं. अभियोक्ता करीम खान यांनी २० मे रोजी पाच नावं मागितली होती : बेंजामिन नेतान्याहू, तेव्हाचे संरक्षणमंत्री योआव गॅलंट, आणि हमासचे याह्या सिनवार, इस्माइल हनिये, मोहम्मद देइफ. सहा महिन्यांत हनिये तेहरानमध्ये मारले गेले, सिनवार रफाहमध्ये. देइफना जुलैतल्या हल्ल्यात ठार केल्याचं इस्रायल सांगत होता, पण ते मेले की जिवंत हे अभियोक्त्याला ठरवता येईना, म्हणून न्यायाधीशांनी त्यांच्यावरही वॉरंट काढलं. गॅलंट यांना तर नेतान्याहूंनीच पंधरवड्यापूर्वी मंत्रिमंडळातून काढलं होतं.

निवेदनातले शब्द मराठीत आणताना माझा जवळजवळ तास गेला. देइफवर हत्या, संहार, छळ, बलात्कार, ओलीस ठेवणं असे आरोप. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मेली आणि २५१ जणांना ओढून नेलं, त्याबद्दलचे. नेतान्याहू आणि गॅलंट यांच्यावर मुख्य आरोप उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरल्याचा. शिवाय हत्या आणि जनसमूहाचा पद्धतशीर छळ हे मानवतेविरुद्धचे गुन्हे, आणि नागरी वस्तीवर हेतुपुरस्सर झालेल्या हल्ल्यांची वरिष्ठ म्हणून जबाबदारी. काळ ८ ऑक्टोबर २०२३ ते किमान २० मे २०२४. ‘संहार’ हा शब्द मात्र या दोघांच्या बाबतीत न्यायाधीशांनी घेतला नव्हता. समोर आलेल्या सामग्रीवरून त्या गुन्ह्याचे सगळे घटक सिद्ध होतात असं म्हणता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या प्रशिक्षणार्थ्याच्या चौकटीत दोन्ही बाजूंना ‘संहार’ होता. मी तो एका बाजूचा काढला.

एका वाक्यापाशी मी थांबले. दोघांनी गाझातल्या लोकांना अन्न, पाणी, औषधं, इंधन आणि वीज यांपासून जाणूनबुजून वंचित ठेवलं, असं मानायला वाजवी कारणं आहेत, असं न्यायाधीश म्हणत होते. आणि पुढे, औषधांचा पुरवठा अडल्यामुळे डॉक्टरांना जखमींवर भूल न देता शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, हातपाय कापावे लागले, लहान मुलांचेसुद्धा.

‘भूल न देता’ हे तीन शब्द टाइप करून मी जरा वेळ नुसती स्क्रीनकडे बघत बसले. वर्षभर हेच पान मी लावत होते. ९ ऑक्टोबर २०२३ ला गॅलंट यांनी पूर्ण वेढ्याचा हुकूम जाहीर केला, ‘वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही’, ती बातमीही माझ्याच हातून गेली होती. त्याच्या दोन दिवस आधी किबुत्झमधल्या, म्हणजे इस्रायली सामूहिक शेतवस्त्यांमधल्या, जळक्या घरांचे फोटो मीच निवडले होते. मग गाझातले फोटो सुरू झाले ते थांबेचनात. पांढऱ्या कापडातली लहान गाठोडी. आम्ही ती छापायची नाहीत असं ठरवलं होतं, पण न छापण्यासाठीही कुणीतरी ती बघावीच लागतात. त्या गुरुवारी गाझाच्या आरोग्य खात्याचा मृतांचा आकडा ४४ हजारांच्या पुढे गेला होता.

हे सगळं सांगते आहे, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

नऊ वाजता जाहिरात विभागाचा निरोप आला : पहिल्या पानाच्या जाहिरातीची उंची वाढली. तीन कॉलमांचे दोन झाले, दोनशे शब्दांचे नव्वद. रायगड-रत्नागिरीची डाक आवृत्ती आमच्याकडे सगळ्यांत आधी सुटते. पान लावणारे भाऊ म्हणाले, “मॅडम, मथळा बसत नाही. एका ओळीचा द्या, नाहीतर मजकूर अजून कापा.” माझा मथळा होता, ‘नेतान्याहू, गॅलंट, देइफ यांच्यावर अटक वॉरंट’. तो दोन कॉलमांत एका ओळीत बसणं शक्यच नव्हतं. मी उभ्याउभ्याच भाऊंना सांगितलं :

‘नेतान्याहू युद्धगुन्हेगार’.

खाली बारीक टाइपात, ‘हेग न्यायालयाचा ठपका, अटक वॉरंट जारी’. मजकूर नव्वद शब्दांवर आणायला शेवटचे दोन परिच्छेद उडवले. पान गेलं.

साडेअकराच्या सुमारास क्राइम रिपोर्टर घरी निघाला होता. जाता जाता त्याने भिंतीवर लावलेलं डाक आवृत्तीचं प्रूफ पाहिलं आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, “काल रात्री डोंबिवलीत साखळीचोर धरला. दोन साखळ्या खिशात सापडल्या. माझ्या कॉपीत तुम्ही स्वतः ‘चोरा’चा ‘संशयित’ केलात. बरोबर केलंत. मग याचा खटला कधी संपला?”

मला उत्तर नव्हतं. मी संगणकावर जुनं पान काढलं. मार्च २०२३ मध्ये याच न्यायालयाने युक्रेनमधल्या मुलांना रशियात नेल्याबद्दल पुतिन यांच्यावर वॉरंट काढलं होतं, तेव्हाचं. मथळा माझाच : ‘पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट’. तेव्हा मला मोह झाला नव्हता. पुतिन यांच्यावरच्या वॉरंटला बायडेन रास्त म्हणाले होते आणि मे महिन्यात याच न्यायालयात नेतान्याहूंवर वॉरंट मागितलं गेलं तेव्हा ते त्यांना संतापजनक वाटलं होतं. संध्याकाळी त्यावर मी मोठ्याने बोलले होते, की माणूस बघून माप बदलतात. माप मीही बदललं होतं.

जागा नव्हती, हे मी दोन मिनिटं स्वतःला सांगून पाहिलं. मग कागदावर अक्षरं मोजली. ‘नेतान्याहूंवर वॉरंट’, नऊ अक्षरं. ‘नेतान्याहू युद्धगुन्हेगार’, दहा. खरा मथळा लहान होता. तो मला सुचला नाही, कारण माझ्या मनात खटला कधीच संपून गेला होता.

शहर आवृत्तीत मथळा बदलला, ‘ठपका’ काढला, भूल न देण्याची ओळ पुन्हा घातली. भाऊंनी अदानींच्या बातमीतून सहा ओळी काढून जागा करून दिली. पण डाक आवृत्तीच्या गाड्या तोवर पनवेलच्या पुढे गेलेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी साडेचारला ऑपरेटरने फोन जोडून दिला. रायगड जिल्ह्यातून एक वयस्कर गृहस्थ बोलत होते. आडनावात गावाचं नाव आणि शेवटी ‘कर’. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पेपर आमच्या घरी वडलांपासून येतो, म्हणाले. सगळे नातेवाईक इस्रायलमध्ये लोद आणि अश्दोदला गेले, आम्ही दोघं नवरा-बायको राहिलो.

“ताई, मी त्या नेतान्याहूच्या बाजूने बोलायला फोन केलेला नाही,” ते म्हणाले. “माझी भाची दर शनिवारी रात्री ओलिसांचे फोटो घेऊन रस्त्यावर उभी असते. ती त्याला काय काय बोलते ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो म्हणतो हे ज्यूद्वेषातून झालं. असेल, नसेल, मला कळत नाही. पण युद्धगुन्हेगार कधी ठरला ते सांगा. निकाल कधी लागला?”

मी चूक कबूल केली. मुंबईच्या अंकात दुरुस्त केलं आहे, रायगडचा अंक आधी गेला, असंही सांगितलं.

“बरं. आणि समजा ठरला. तर कशाबद्दल? मी बातमी तीनदा वाचली. त्याने केलं काय, हे तुमच्या बातमीत कुठेच नाही.”

मी समोरचा अंक ओढून घेतला. नव्वद शब्द. काकांचं बरोबर होतं. कापलेल्या दोन परिच्छेदांत आरोप होते. मी निकाल छापला होता आणि आरोप कापून टाकला होता. क्राइम रिपोर्टरच्या नजरेत अर्धी चूक आली होती. ही दुसरी माझ्याही आली नव्हती.

“वाचून दाखवू का?” मी विचारलं.

“दाखवा.”

कालची मूळ कॉपी उघडून मी वाचत गेले. आधी देइफवरचे आरोप वाचले. त्यावर ते “हां” एवढंच म्हणाले. मग नेतान्याहू आणि गॅलंट. अन्न, पाणी, औषधं, इंधन, वीज. मग डॉक्टरांचं वाक्य. ते वाचताना माझा आवाज जरा खाली गेला असावा, कारण ते म्हणाले, “ऐकू नाही आलं. परत वाचा.”

मी परत वाचलं.

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बराच वेळ काही बोलणं नाही. फोन तुटला की काय असं वाटून मी “काका?” म्हटलं.

“आहे, आहे,” ते म्हणाले. “हे न्यायाधीशांनी लिहिलंय?”

“हो. तिघांनी, एकमताने. पण सिद्ध झालं असं नाही म्हटलेलं. मानायला वाजवी कारणं आहेत, म्हणून अटक करून समोर आणा, एवढंच.”

“एवढंच कसं म्हणता? हे तुमच्या त्या एका शब्दापेक्षा केवढं तरी मोठं आहे. शिवी दिली की माणूस कान बंद करतो. हे ऐकल्यावर नाही करता येत.” मग जरा थांबून, “माझ्या बहिणीला रात्री फोन करणार आहे. मराठीतच बोलते ती अजून. जरा सावकाश सांगता का? लिहून घेतो.”

मी सावकाश सांगितलं. ते शब्द उच्चारत लिहून घेत होते. ‘वाजवी’ला थांबले, ‘जाणूनबुजून’ला थांबले.

संध्याकाळी मी संपादकांपुढे अंक ठेवला आणि दुरुस्ती मागितली. शनिवारच्या पहिल्या पानावर मतमोजणीशिवाय कशालाच जागा नव्हती, हे मलाही दिसत होतं. पाचव्या पानावर एक कॉलम मिळाला. नुसतं ‘युद्धगुन्हेगार हा शब्द अनवधानाने’ असं छापून चालणार नाही, कापलेला मजकूरही त्याच चौकटीत हवा, असा मी हट्ट धरला. संपादकांनी आधी नाही म्हटलं, मग मजकूर वाचला आणि चौकट वाढवून दिली. ‘अनवधानाने’ मी काढलं, कारण ते अनवधान नव्हतं. ‘चुकीने’ लिहिलं.

रात्री भाऊंनी पान लावलं. प्रूफ हातात घेऊन मी चौकट पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, बोट ठेवून. ‘वाजवी कारणे’ आहे. ‘आरोप’ आहे. ‘भूल न देता’ आहे. मग खाली सही करून रायगडचं पान सोडलं.