सरासरीची सरासरी

सहाव्या दिवशी नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेली बॅटरीवरची छोटी बिनतारी यंत्रं) एकेक करून गप्प व्हायला लागले. २४ नोड, प्रत्येकात दोन एए सेल, आणि मी तर दर पाच मिनिटांनी फक्त तापमान विचारत होतो! सेन्सरवर संशय घेऊन अख्खी दुपार घालवली. मग रेडिओची डेटाशीट उघडली. सीसी२४२० हा रेडिओ पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेतो आणि ऐकताना १८.८. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणं महाग. माझे नोड दिवसरात्र कान टवकारून बसले होते. सेलची क्षमता साधारण २५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर १३३ तास. साडेपाच दिवस. सेन्सर बिचारा निर्दोष होता.

१०० सेकंदांत एकच सेकंद रेडिओ चालू ठेवला की त्याचा सरासरी खर्च ०.२ मिलिअँपिअरच्या आत येतो. पण झोपलेल्या नोडला प्रश्न कसा विचारायचा? सॅम्युअल मॅडन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेली ‘टॅग’ पद्धत इथे कामाला आली. क्वेरी, म्हणजे तो प्रश्न, एकदाच खाली पाठवायची, तिच्यातच ‘दर इतक्या वेळाने’ हे सांगायचं. नोडांचं झाड तयार होतं: मुळाशी आकडे गोळा करणारं बेस स्टेशन, आणि प्रत्येक नोडला वर एक पालक. प्रत्येक पातळीची वेळ ठरलेली, त्यामुळे पालक नोड मुलांच्या वेळेला जागा होतो, त्यांचे आकडे आपल्यात मिसळून वर एकच पॅकेट पाठवतो आणि पुन्हा झोपतो. आधी बेस स्टेशनजवळचे नोड सगळ्यांची पॅकेटं एकेक करून पुढे नेण्याची हमाली करत होते, ती यात वाचते.

इथे मी माती खाल्ली. प्रत्येक नोडला सरासरी काढून वर पाठवायला लावलं. एका फांदीवर एकच नोड, ४० अंश. दुसरीवर नऊ, सगळे ३० अंश. माझं उत्तर ३५, खरं उत्तर ३१! शाळेतलं गणित, पण दोन दिवस लक्षात आलं नाही. बेरीज आणि संख्या असे दोन आकडे पाठवायचे, भागाकार शेवटी एकदाच. (मध्यक हवा असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे साधारणपणे सगळे आकडे वर आणावे लागतात.)

त्या संख्येचा वेगळाच उपयोग झाला. एक पॅकेट हरवलं की अख्खी फांदी हिशोबातून जाते, आणि नुसत्या सरासरीकडे बघून ते कळत नाही. म्हणून आता तापमानाशेजारी संख्याही दाखवतो. काल २४ होती. आज सकाळपासून १९ आहे.