लिफर्डचं दप्तर: जाण्याआधी युनियन शोधा, आणि व्हिसा नीट वाचा

लिफर्ड हे आयर्लंडच्या डोनेगल काउंटीतलं, उत्तर आयर्लंडच्या सीमेवरचं गाव; काउंटीची जुनी दप्तरं तिथे आहेत. डब्लिनहून लिफर्डला जाणारी थेट बस भारतीय पासपोर्टवर नुसत्या आयरिश व्हिसाने घेऊ नका. ही पहिली सूचना, कारण तिकीट देणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "सगळा प्रवास आयर्लंडमध्येच आहे." नाही! बस मोनाहननंतर उत्तर आयर्लंडमध्ये शिरते, ओमा आणि स्ट्रबेन करत पुन्हा सीमा ओलांडते. चौकी नाही, कमान नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्या तेव्हा कळलं की आपण ब्रिटनच्या हद्दीत आहोत, आणि माझ्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएसचा (एकाच व्हिसावर ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे जाऊ देणाऱ्या योजनेचा) शिक्का नव्हता. म्हणजे त्या रस्त्यावर असण्याचा मला अधिकारच नव्हता. उत्तरेतून परत येणाऱ्या बसमध्ये गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, कधीकधी चढून कागद तपासतात. तो तासभर पोटात गोळा घेऊन काढला. डोनेगल शहराची बससुद्धा एनिस्किलनवरून जाते, तीही नको. डब्लिन ते स्लायगो रेल्वे, पुढे बसने डोनेगल शहर आणि बॅलिबोफे. गाडी असेल तर स्लायगोपासून एन-15 थेट लिफर्डमध्येच संपतो आणि कुठेही सीमा ओलांडत नाही. वेळ जास्त लागतो, पण झोप लागते.

जायचं कारण वहिनी. त्या आयरिश, माहेरचं मूळ लिफर्डजवळच्या क्लोनली पॅरिशमधलं (पॅरिश म्हणजे चर्चचा परगणा). 1840 च्या दशकातल्या आयरिश दुष्काळात त्या घराचं काय झालं हे त्यांना हवं होतं. वंशावळी शोधून देणाऱ्या एकाने त्यांना सांगितलं होतं की 1922 साली डब्लिनमध्ये सगळं जळालं, उरलेलं फक्त तोच मिळवू शकतो. त्याचे त्याने 180 युरो घेतले. हातात काय दिलं? 1901 आणि 1911 ची जनगणना, ग्रिफिथचं व्हॅल्युएशन (एकोणिसाव्या शतकातली जमीन-घरांची करआकारणी यादी) आणि कॅथलिक पॅरिशच्या नोंदी. यातलं एकूण एक इंटरनेटवर फुकट आहे. मला याचा अजूनही संताप येतो, कारण हे लोक दुःखावर पैसे काढतात.

आगीची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उद्ध्वस्त झालं आणि 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. 1861 ते 1891 च्या मात्र सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. स्थानिक संस्थांची दप्तरं डब्लिनला गेलेलीच नव्हती, म्हणून वाचली. लिफर्डच्या काउंटी अर्काइव्ह्जमध्ये 1838 च्या पुअर लॉ (गरीब-मदत) कायद्याखाली चाललेल्या युनियनांच्या बोर्ड ऑफ गार्डियन्सची इतिवृत्तं आहेत (युनियन म्हणजे एका वर्कहाऊसभोवतीचा मदत-विभाग, बोर्ड म्हणजे तो चालवणारं मंडळ): डनफनाही, ग्लेंटीज, लेटरकेनी, स्ट्रॅनॉर्लर वगैरे. शिवाय ग्रँड ज्युरीची, म्हणजे काउंटीचा जुना कारभार पाहणाऱ्या मंडळाची, कागदपत्रं आणि 1899 नंतरच्या रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या वह्या.

नावं सापडतील या आशेने जाऊ नका. वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या गरीबखान्याच्या, दाखल-नोंदवह्या काहीच युनियनांच्या उरल्या आहेत. इतिवृत्तात दिसतात ते आकडे: या आठवड्यात किती आत घेतले, किती गेले, किती मेले, मक्याच्या पिठाचं कंत्राट कुणाला. पानामागून पान तेच. दुपारी मी वही मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो. 1847 च्या ग्रेगरी कलमानुसार पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नव्हती. जमीन सोडा, मगच पोटाला. ते वाचून झाल्यावर ते आकडे नुसते आकडे राहत नाहीत. डोनेगलची लोकसंख्या 1841 मध्ये सुमारे 2,96,000 होती, 1851 मध्ये 2,55,000. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल ज्याने सोडलेत त्याला इथल्या कारकुनाचं अक्षर वाचायला मुळीच त्रास होणार नाही. त्रास होतो मजकुराचा.

आणि आता खरी मेख. लिफर्ड स्वतः डोनेगलच्या कुठल्या युनियनमध्ये नव्हतंच. ते होतं स्ट्रबेन युनियनमध्ये, नदीपलीकडे. क्लोनलीतले उपाशी लोक पूल ओलांडून स्ट्रबेनच्या वर्कहाऊसला जात. पुढे आयर्लंडची फाळणी झाली, त्या युनियनचे कागद उत्तरेत राहिले आणि आज ते बेलफास्टला, टायटॅनिक क्वार्टरमधल्या प्रोनीमध्ये (उत्तर आयर्लंडचा सरकारी दप्तरखाना) आहेत. म्हणजे ज्या गावात मी बसलो होतो त्याच गावचं दप्तर त्या गावात नाही! 180 युरो घेणाऱ्याने हे एक वाक्य सांगितलं असतं तरी पैसे वसूल झाले असते. तेव्हा काउंटी पाहून निघू नका. आधी टाउनलँडचं (जमिनीचा सगळ्यात छोटा विभाग, वाडीसारखा) नाव पक्कं करा, ते कुठल्या पुअर लॉ युनियनमध्ये येत होतं ते पाहा, आणि मग दप्तर कुठे आहे ते. युनियनांनी काउंटीच्या हद्दी पाळलेल्या नाहीत.

बाकी नेहमीचं. आधी ईमेल करून वेळ घ्या आणि कुठल्या युनियनची, कुठल्या वर्षांची वही हवी ते त्यातच लिहा. फक्त पेन्सिल चालते, फोटोला विचारून परवानगी घ्या. डबा सोबत असू द्या. तिथले कर्मचारी फार चांगले होते. प्रोनीचा पत्ता त्यांनीच दिला.

1746 चं जुनं कोर्टहाऊस वेळ असेल तर पाहा. डनफनाहीचं वर्कहाऊस मात्र चुकवू नका, इमारत उभी आहे.

बेलफास्टला वहिनी एकट्या गेल्या. तिथेही प्रवेश फुकट. तुम्हाला दोन्हीकडे जायचं असेल तर भारतातून अर्ज करतानाच बीआयव्हीएसबद्दल विचारा, आणि त्यावर आधी आयर्लंडमध्ये उतरा, मग उत्तरेत जा.